जिनोम डोळ्यांखालून घालताना

26 जून 2000 रोजी व्हाइट हाउसमध्ये बिल क्लिंटन यांनी मानवी जिनोमचा पहिला मसुदा हाती आल्याची घोषणा केली, तेव्हा तो मसुदा जुळून जेमतेम चार दिवस झाले होते. सरकारी पैशावर चाललेल्या सार्वजनिक प्रकल्पाकडे डीएनएचे तुकडे होते, पण ते क्रमाने लावून देणारा प्रोग्रॅम मे महिन्यापर्यंत तयार नव्हता. क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खासगी कंपनी शर्यतीत होती, आणि तिने आधी बाजी मारली तर जनुके पेटंटच्या कुंपणात अडकतील अशी धास्ती होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत डेव्हिड हाउसलर यांच्या गटात जिम केंट नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याने सुमारे महिनाभरात 10,000 ओळींचा प्रोग्रॅम लिहून काढला, शंभर साध्या संगणकांवर तो चालवला आणि 22 जूनला जुळणी पुरी केली. 7 जुलैला ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. मला मात्र केंटच्या त्यानंतरच्या कामात जास्त रस आहे. ए, सी, जी, टी या चार अक्षरांची तीन अब्जांची रांग खुली झाली खरी, पण ती वाचणार कोण? पानाला 3,000 अक्षरे धरली तरी दहा लाख पाने होतात, आणि त्यातले कोणतेही पान दुसऱ्यापेक्षा वेगळे दिसत नाही. पीएचडीला येण्यापूर्वी केंट अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरे लिहीत असे. सी. एलेगन्स या इवल्याशा कृमीची जनुके चित्रात दाखवणारे एक छोटे साधन त्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेले होते. त्याचाच विस्तार करून त्याने मानवी जिनोम पडद्यावर आणला. आज जगभर वापरला जाणारा यूसीएससी जिनोम ब्राउझर तो हाच.

कल्पना अगदीच त्याची एकट्याची नव्हती. त्याच कृमीसाठी रिचर्ड डर्बिन आणि झाँ तिएरी-मिएग यांनी 1989 पासून एसीडीबी नावाचे सॉफ्टवेअर उभारले होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनला 1999 मध्ये एन्सेम्बल सुरू झाले होते. या साऱ्यांची मांडणी मुळात एकच आहे. गुणसूत्र म्हणजे एक आडवी रेघ, रेघेवरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक, आणि त्या रेघेखाली एकाखाली एक पट्ट्या, ज्यांना तिथे ‘ट्रॅक’ म्हणतात. एका ट्रॅकवर जनुके, दुसऱ्यावर उंदीर-कोंबडी-माशांशी जुळणारा भाग, तिसऱ्यावर रोगांशी जोडलेले बदल. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या वर्षी मिळालेली माहिती एकाच क्रमांकाखाली येऊन बसते, आणि दोन ट्रॅकमधला मेळ किंवा विसंगती नजरेत भरते. यामागचे कौशल्य वेगात आहे. केंटने गुणसूत्राचे 128 किलोबेसचे (किलोबेस म्हणजे हजार अक्षरे) कप्पे पाडले, त्यांच्यावर आठपट मोठे, त्यांच्यावर पुन्हा आठपट मोठे. वाचकाने एखादा भाग मागितला की त्या भागाला शिवणारे मोजके कप्पे तेवढे तपासायचे, बाकी जिनोमला हातही लावायचा नाही. जिनोमची माहिती साठवणाऱ्या, पुढे 2009 च्या सुमारास आलेल्या बॅम फाइली आणि 2010 मधल्या बिगविग फाइली यांनीही अशीच युक्ती वापरली. म्हणून शंभर गिगाबाइटची फाइल दूरच्या सर्व्हरवर पडून असली, तरी आपल्या लॅपटॉपवर तिचा हवा तेवढा इवलासा तुकडा काही क्षणांत येतो.

अशा साधनांकडे ‘आकडेवारीची चित्रे काढणारी सॉफ्टवेअरे’ म्हणून पाहण्याची सवय आहे. संशोधन झाले, निष्कर्ष निघाला, आता तो छापण्यासाठी एक छानसे चित्र हवे, मग ब्राउझर उघडा, असा हा समज. माझ्या मते त्यामुळे या साधनांचे मुख्य काम नजरेआड होते. जिनोमच्या अभ्यासात माहिती पायरीपायरीने आटत जाते, आणि प्रत्येक पायरीवर यंत्र काहीतरी टाकून देते. एका माणसाचा जिनोम सरासरी तीस वेळा वाचायचा ठरवला, तर यंत्रातून साधारण दीडशे अक्षरांचे साठेक कोटी तुकडे बाहेर पडतात. या तुकड्यांना ‘रीड’ म्हणतात. ते संदर्भ जिनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या सर्वमान्य नमुन्यावर, आपापल्या जागी बसवले की त्या माणसात आणि संदर्भात चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक सापडतात. त्यांना चाळण्या लावून काही शे उरतात, आणि शेवटी डॉक्टरांच्या टेबलावर येतो तो एका ओळीचा अहवाल: अमुक जनुकात अमुक बदल. साठ कोटी तुकड्यांची एक ओळ झाली. त्या ओळीवरून मागे फिरून मूळ तुकड्यांपर्यंत जाता येते का, हा खरा प्रश्न आहे. जिनोम ब्राउझरचे मोल त्या परतीच्या वाटेत आहे. ज्या साधनातून ती वाट सापडते ते पडताळणीचे साधन, आणि जिथे ती बंद होते तिथे चित्र कितीही देखणे असले तरी ते केवळ चित्र.

ही परतीची वाट कशी असते ते एका जागेवर थांबून पाहू. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटात, आणि तिकडे नंदुरबारला सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या निदानाला जिनोम वाचण्याचा खटाटोप लागत नाही हे आधीच सांगतो. साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पुरते. पण उदाहरणाला याहून चांगली जागा नाही. हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारे एचबीबी हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्यातल्या एकाच अक्षराच्या बदलाने ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स रॉबिन्सन, जिल मेसिरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले आयजीव्ही हे सॉफ्टवेअर उघडून अकराव्या गुणसूत्रावर 52,27,002 या क्रमांकावर जायचे. पडद्यावर करड्या रंगाच्या आडव्या पट्ट्यांची चळत दिसते. प्रत्येक पट्टी म्हणजे एक रीड. संदर्भाशी जुळणारी अक्षरे आयजीव्ही दाखवतच नाही, ती करडीच राहतात; न जुळणारे अक्षर तेवढे रंगते. ए हिरवा, सी निळा, जी तपकिरी, टी लाल. सिकलसेलचा वाहक असेल, तर त्या एका उभ्या रेषेत साधारण निम्म्या पट्ट्यांवर हिरवा ठिपका दिसेल. आजार असलेल्या व्यक्तीत जवळजवळ सगळ्यांवर. पाठ्यपुस्तक वाचलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो, कारण पुस्तकात ए चा टी झाला असे असते आणि पडद्यावर टी चा ए झालेला असतो. कारण सोपे आहे. एचबीबी हे जनुक डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर उलट्या दिशेने लिहिलेले आहे, आणि ब्राउझर एरवी पहिला धागा दाखवतो. ही गोष्ट अहवालाच्या एका ओळीतून कळत नाही. पडद्यावर मात्र जनुकाच्या रेघेवरचे बाण डावीकडे रोखलेले दिसतात आणि उलगडा होतो.

एका अक्षराचा बदल प्रोग्रॅमही सहज पकडतो, त्यासाठी डोळे कशाला, असे कुणी म्हणेल. मग याच जनुकातले दुसरे उदाहरण घेऊ. सिंधी आणि गुजराती समाजांत बीटा थॅलेसेमियाचे एक नेहमीचे कारण म्हणजे एचबीबीच्या शेपटाकडची 619 अक्षरे समूळ गळून जाणे. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात थॅलेसेमियाची चर्चा घरोघरी का होते, त्यामागे या बदलाचाही वाटा आहे. दीडशे अक्षरांच्या रीडमध्ये 619 अक्षरांची अनुपस्थिती मावत नाही. त्यामुळे एकेका अक्षराचे फरक शोधण्यासाठी बेतलेला प्रोग्रॅम इथून काही न नोंदवता पुढे जाऊ शकतो, आणि अहवालात त्या जागी काहीच येत नाही. पडद्यावर मात्र तीन खुणा एकदम दिसतात. वाहकामध्ये त्या पट्ट्यात रीडची गर्दी निम्म्यावर येते. ती गर्दी दाखवणारा वरचा आलेख खचल्यासारखा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. रीड जोडीने वाचलेले असतात, एकाच तुकड्याची दोन टोके, आणि त्यांच्यातले अंतर साधारण ठरलेले असते. दुसरी खूण म्हणजे इथे काही जोड्यांची टोके अपेक्षेपेक्षा सहाशे अक्षरे लांब पडलेली दिसतात, आणि अशा जोड्या आयजीव्ही लाल रंगात दाखवते. तिसरी खूण म्हणजे खचलेल्या भागाच्या कडेला मध्येच तुटलेले रीड. यातली एकेकटी खूण चकवा असू शकते. तिन्ही एकाच ठिकाणी आल्या की जाणकाराला शंका उरत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच महागात पडणारी: जिथे बदल नाही तिथे तो दाखवला जाणे. सोळाव्या गुणसूत्रावर आल्फा ग्लोबिनची एचबीए1 आणि एचबीए2 ही दोन जनुके शेजारीशेजारी आहेत आणि एकमेकांसारखी आहेत. एखादा रीड यांतल्या कुणाचा, हे पुष्कळदा यंत्राला ठरवता येत नाही; ते तो कुठेतरी ठेवून देते आणि त्याच्या जागेची खात्री शून्य अशी नोंद करते. फाइलीत ही नोंद एका आकड्यात दडलेली असते. आयजीव्हीमध्ये असा रीड करड्याऐवजी पोकळ, नुसत्या कडेचा दिसतो. पोकळ पट्ट्यांच्या ढिगातून निघालेल्या बदलावर कुणी शहाणा विश्वास ठेवत नाही. तसेच, खरा बदल दोन्ही दिशांनी वाचलेल्या रीडमध्ये दिसायला हवा. तो फक्त एकाच दिशेच्या रीडमध्ये दिसत असेल, तर ती बहुधा यंत्राची खोड असते. रीड दिशेप्रमाणे रंगवले की हा घोटाळा पाहताक्षणी कळतो. चांगल्या प्रयोगशाळांत महत्त्वाचा बदल अहवालात जाण्यापूर्वी कुणीतरी तो पडद्यावर पाहून घेते, ते यासाठीच.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. पन्नास लाख फरक डोळ्यांनी पाहणे अशक्य, दोन माणसे एकच चित्र दोन तऱ्हांनी वाचतात, आणि दुपारनंतर थकलेला डोळा तर आणखीनच बेभरवशाचा. मग हे काम संख्याशास्त्रावर का सोडू नये? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे, आणि सगळे डोळ्यांनी पाहावे असे कुणी म्हणतही नाही. पण जी चाळणी आपण संख्याशास्त्राची म्हणतो, ती लावायची कशाला हे आधी कुणालातरी दिसावे लागते. इताइ यानाइ आणि मार्टिन लर्शर यांनी 2020 मध्ये एक खोडकर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी 1,786 काल्पनिक माणसांची रोजची पावले आणि बॉडी मास इंडेक्स अशी आकडेवारी विद्यार्थ्यांना दिली. काहींना तपासण्यासाठी ठरावीक गृहीतके दिली, काहींना फक्त ‘यात काय दिसते ते सांगा’ म्हटले. आकडे आलेखावर मांडले तर त्यातून हात हलवणारा गोरिला उमटत होता. गृहीतके न दिलेल्यांना तो दिसण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती. गृहीतक तपासणाऱ्यांची गणिते चुकली नव्हती. त्यांना जे विचारले त्याचे उत्तर त्यांनी नेमके काढले, एवढेच. जिनोममध्ये असे गोरिले पुष्कळ आहेत, आणि आज प्रोग्रॅमच्या चाळणीत जे नियम आहेत, उदाहरणार्थ एकाच दिशेच्या रीडवर संशय घ्या, त्यांमागे अशा पाहण्याचा मोठा वाटा आहे.

‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, डोळ्यांचे काम संपले’ या म्हणण्याची तर गंमतच आहे. गूगलने 2017 च्या अखेरीस खुले केलेले डीपव्हेरियंट हे साधन बदल ओळखण्यात अग्रेसर मानले जाते. त्याच्या आधीच्या आवृत्तीने 2016 साली अमेरिकेच्या एफडीएच्या स्पर्धेत एका अक्षराच्या बदलांच्या अचूकतेचे बक्षीस मिळवले. ते काम कसे करते? रीडची चळत घेऊन तिचे चित्र बनवते आणि फोटोतली मांजरे-कुत्री ओळखण्यासाठी घडवलेल्या न्यूरल नेटवर्कला ते चित्र दाखवते. तज्ज्ञ पडद्याकडे पाहून जे ठरवतो, तेच यंत्राला शिकवता येईल का, अशा विचारातून ते उभे राहिले. डोळ्याची जागा यंत्राने घेतली हे मान्य, पण ती ब्राउझरच्या खुर्चीत बसून घेतली. शिवाय यंत्राच्या निकालावर वाद झाला तर तो सोडवायला वाद घालणारे दोघेही पुन्हा त्या करड्या पट्ट्यांकडेच येणार. दुसरे सामाईक ठिकाण नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: चित्र स्वतःच फसवते. आयजीव्हीचेच पाहा. नेहमीच्या सेटिंगमध्ये वरच्या आलेखातला स्तंभ तेव्हाच रंगतो, जेव्हा न जुळणाऱ्या अक्षराचे प्रमाण 20 टक्क्यांच्या पुढे जाते. आईबापांकडून आलेल्या बदलांना हे ठीक, कारण ते साधारण निम्म्या किंवा सगळ्या रीडमध्ये असतात. पण कर्करोगाच्या गाठीतला एखादा बदल दहाच टक्के रीडमध्ये असेल, तर स्तंभ करडा राहतो आणि घाईत पाहणारा पुढे सरकतो. रीड फार दाट असतील तर सॉफ्टवेअर त्यातले थोडेच निवडून दाखवते. रीडची न जुळणारी टोके मुळात लपवलेलीच असतात. मघाच्या थॅलेसेमियातली तिसरी खूण नीट पाहायची तर ती सेटिंग बदलून उघडी करावी लागतात. हिरवा आणि लाल या रंगांतला फरक न कळणाऱ्या माणसाला ए आणि टी वेगळे ओळखणे जड जाते. आणि न विचारता ढवळाढवळ करणाऱ्या साधनांत एक्सेलला विसरून चालणार नाही: त्याने ‘सेप्ट2’ या जनुकाची 2 सप्टेंबर करण्याचा सपाटा इतका लावला, की 2016 च्या एका पाहणीत एक्सेलमधली जनुकांची यादी जोडलेल्या संशोधनलेखांपैकी सुमारे एक पंचमांश लेखांत असे घोटाळे सापडले. शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावे बदलावी लागली. सॉफ्टवेअरपुढे विज्ञानाने घेतलेली ही माघार मला आजही पटत नाही, पण व्यवहारात दुसरा इलाज नव्हता हेही खरे.

याहून मोठी फसवणूक वेगळ्या जातीच्या चित्रांत होते. मार्टिन क्रिझविन्स्की यांनी 2009 मध्ये आणलेल्या सर्कोसने गुणसूत्रे गोलात मांडली आणि त्यांच्यातले दुवे रंगीत कमानींनी जोडले. दोन-चार अदलाबदली दाखवायला ते उत्तम. पण हजार कमानी काढल्या की वाचकाला ‘बरेच काही घडले आहे’ यापलीकडे काही कळत नाही. कर्करोगावरच्या लेखांत अशी चक्रे मुबलक दिसतात आणि त्यातली बरीचशी शोभेची असतात, असे माझे मत आहे. त्याहून गंभीर प्रकार टी-स्नी आणि यूमॅप या पद्धतींचा. हजारो मापांची माहिती या पद्धती दोन मितींत दाबतात आणि ठिपक्यांचे ढग बनवतात. ढगांमधले अंतर, त्यांचा आकार, त्यांच्यातली मोकळी जागा यांतले किती खरे आणि किती दाबण्यातून आलेले, हे चित्र सांगत नाही. तारा चारी आणि लिओर पॅक्टर यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात पेशींची खरीखुरी आकडेवारी घेऊन तिचे ठिपके हत्तीच्या आकारात बसवून दाखवले, आणि काही निकषांवर तो हत्ती यूमॅपच्या ढगांच्या तोडीस तोड ठरला. 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘ऑल ऑफ अस’ प्रकल्पाने सुमारे 2 लाख 45 हजार जिनोमवरचा लेख छापला, तेव्हा त्यातल्या यूमॅपच्या चित्रावर संशोधकांनीच टीका केली. माणसांचे वंश म्हणजे सुटी सुटी बेटे आहेत असा भास त्या चित्राने होतो, आणि प्रत्यक्षात तर सीमा पुसट आहेत, हे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबरही होते.

मग चित्रेच नकोत का? माझे उत्तर असे की फसवणाऱ्या चित्रांतही फरक करता येतो. आयजीव्हीने लपवलेले टोक एका क्लिकवर उघडता येते, निवडून दाखवलेले रीड पूर्ण मागवता येतात, रंगाची मर्यादा वीसवरून पाचवर आणता येते, आणि एखाद्या पट्टीवर टिचकी मारली की त्या एका रीडची सगळी कुंडली समोर येते. ते खोटे बोलले तर त्याला तिथल्या तिथे पकडता येते. छापलेल्या यूमॅपमधल्या ठिपक्यावरून मागे जाऊन ‘तू याच्या शेजारी का बसलास’ असे विचारायची सोय नाही. दोष चित्र असण्यात नाही. परतीच्या वाटेशिवाय चित्र स्वीकारण्यात आहे.

मात्र ही वाट ज्या रेघेवरून जाते, ती रेघच पक्की नाही, आणि ब्राउझर वापरणाऱ्यांपैकी अनेकजण इकडे दुर्लक्ष करतात. मघाचा 52,27,002 हा क्रमांक 2013 च्या संदर्भ जिनोममधला. 2009 च्या आवृत्तीत तोच सिकलसेलचा बदल 52,48,232 वर आहे, आणि अनेक प्रयोगशाळा अजून जुनी आवृत्तीच वापरतात. जमिनीच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले आणि शेत जागचे हलले नाही, तसाच हा प्रकार. जुना क्रमांक नव्या आवृत्तीत टाकला तर आपण बीटा ग्लोबिनच्या पार बाहेर, एकवीस हजार अक्षरे दूर जाऊन पोचतो, आणि तिथे काही बदल नाही म्हणून निर्धास्त होतो. त्यात ही रेघ कुणाची? तिचा सुमारे 70 टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरात 1997 मध्ये वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेल्या स्वयंसेवकांपैकी एकाच अनामिक पुरुषाचा आहे. तिच्यातल्या मोठ्या रिकाम्या जागा 2022 मध्ये भरल्या गेल्या. जिनोमचा सुमारे आठ टक्के भाग तोवर नीट वाचलाच गेला नव्हता. संदर्भात जो भाग नाही, त्यावरचे रीड ब्राउझरमध्ये पुष्कळदा कुठे बसतच नाहीत; ते दिसत नाहीत आणि ते दिसत नाहीत हेही दिसत नाही. 2023 मध्ये 47 जणांच्या जिनोमपासून पॅनजिनोमचा मसुदा आला. तो एका रेघेचा नाही, फाटे फुटणाऱ्या आणि पुन्हा जुळणाऱ्या वाटांचा आहे. पण आडव्या रेघेखाली ट्रॅक मांडण्याची पंचवीस वर्षांहून जुनी सवय अशा जाळ्यावर चालत नाही. बँडेजसारखी साधने जाळे रेखाटतात, पण संपूर्ण जिनोमच्या पातळीवर ते वाचता येईल असे सोपे रूप अजून रूढ झालेले नाही. या क्षेत्रातले आजचे सर्वांत अवघड काम हेच आहे असे मला वाटते.

एक आक्षेप उरतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत आधी घेतला जातो: मूळ रीड उघडे ठेवले तर माणसाच्या खासगीपणाचे काय? जिनोम म्हणजे न बदलता येणारी ओळख, आणि ती नातेवाइकांचीही ओळख असते. म्हणून भीती रास्त आहे. पण यातून मार्ग काढलेला आहे. ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या नोमॅड या संग्रहात आज आठ लाखांहून अधिक लोकांची माहिती आहे. तिथे कुणाचा पूर्ण जिनोम दिसत नाही. कोणता बदल कोणत्या लोकसमूहात किती वारंवार आढळतो एवढेच दिसते. मात्र अनेक बदलांच्या पानावर एक-दोन निनावी नमुन्यांमधले त्या जागेपुरते रीड आयजीव्हीच्या खिडकीत दाखवलेले असतात. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे वाचक स्वतः पाहून ठरवतो, आणि शेदोनशे अक्षरांच्या त्या तुकड्यातून व्यक्ती शोधणे सोपे नसते. जिनोमइंडिया प्रकल्पाने देशभरातल्या 10,000 लोकांचे जिनोम वाचले आणि जानेवारी 2025 मध्ये ते फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना देण्याची घोषणा झाली. अर्ज करून, अटी पाळून माहिती मिळण्याची ती व्यवस्था योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला अशी छोटी खिडकीही हवी. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या डॉक्टरला आपल्या रुग्णातला अनोळखी बदल भारतीयांत सर्रास आढळतो का, आणि जिथे आढळतो म्हणतात तिथले रीड भरवशाचे आहेत का, हे परदेशी संग्रहांतल्या तुटपुंज्या भारतीय नमुन्यांवरून ताडावे लागू नये.

आणि ज्यांच्या घरात जनुकीय तपासणीचा अहवाल येतो त्यांच्यासाठी एक सूचना. तो अहवाल संदर्भ जिनोमच्या कोणत्या आवृत्तीवर काढला हे त्यावर लिहिले आहे का ते पाहा, नसेल तर लिहून घ्या, आणि प्रयोगशाळेकडे मूळ रीडची बॅम फाइल मागा. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला शंका आली, तर एका ओळीच्या अहवालातून त्याला काही काढता येणार नाही; फाइल असेल तर येईल. पूर्ण जिनोमची फाइल 128 जीबीच्या पेन ड्राइव्हवर बहुधा मावते, आणि ती उघडणारे आयजीव्ही फुकट मिळते.